ढग पळवणारी बाई

अकोल्यात वाहेदभाईंचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे टिनाचं छप्पर, मागे कापूस पिंजायची मोटारीवरची मशीन, आणि सगळीकडे, माणसांच्या पापण्यांवरसुद्धा, कापसाचे बारीक तंतू. मशीनचा पट्टा उतरला की वाहेदभाई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि त्यांची मुलगी यास्मीन फ्रॉकच्या बाह्या वर सारून तो पट्टा बसवायची. पुढे ती मेकॅनिकलची इंजिनिअर झाली आणि अमरावतीला एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागली. सोमवारी सकाळी गाडीने जायची, शनिवारी संध्याकाळी अकोल्याला परत. आई जैनबबी तिच्या लग्नाचा विषय काढायची, ती मशीनचा विषय काढायची, असं चाललं होतं.

यास्मीनची एक सवय सगळ्या कॉलेजला माहीत होती. चुकीचं उत्तर तिच्याने तसंच सोडवत नसे. शिपायाने काही विचारलं तरी हातातलं काम ठेवून ती त्याला पुरतं समजावून सांगायची. ‘मॅडमला टाइम विचारू नका, घड्याळ कसं बनवतात ते सांगतील,’ असं पोरं म्हणायची. तिला ते कळायचं आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे.

दोन हजार चार सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. जूनमध्ये पाऊस झाला, लोकांनी पेरलं, आणि मग आभाळ कोरडं पडलं. दुबार पेरणी झाली, तीही पिवळी पडत चालली. अमरावतीच्या पश्चिमेला भातकुलीकडची जमीन खारपाणपट्ट्यातली. विहीर खणली तर पाणी खारं, पिकाला द्यावं तर जमीनच मरते. तिथल्या माणसाला आभाळाशिवाय दुसरी विहीर नाही. ऑगस्ट उजाडला तेव्हा त्या भागातली माणसं बोलताना समोरच्याकडे बघत नव्हती, वर बघत होती.

अशात शहराबाहेरच्या धावपट्टीवर हवाई प्रात्यक्षिकांचा कार्यक्रम ठरला. कोणत्याशा फ्लाइंग क्लबची लहान विमानं, छत्रीने उड्या मारणारे जवान, रिमोटवर उडणारी खेळण्यातली विमानं. तारीख उन्हाळ्यातच ठरलेली, त्यामुळे कोणी ती हलवली नाही. यास्मीनच्या कॉलेजला तिथे एक स्टॉल मिळाला. खेड्यातल्या मुलांना इंजिनिअरिंगची ओळख करून द्यायची, पंख कसा उचलतो, इंजिन कसं फिरतं, असं काही दाखवायचं. रविवारचा दिवस, भत्ता नाही, म्हणून कोणी तयार होईना. यास्मीनने हात वर केला. मदतीला तिने आपली एक विद्यार्थिनी घेतली, आचल. वर्गातली ती एकटी मुलगी. गाव भातकुलीच्या पलीकडे, वडील खुशालराव यांची गावात पिठाची गिरणी.

“मॅडम, माह्या बाबाले पन यायले सांगू काय?” आचलने विचारलं होतं.

“सांग ना. सगळ्या गावाला सांग,” यास्मीन म्हणाली.

त्या दिवशी सकाळपासून ट्रॅक्टर, जीपगाड्या, एसटी भरभरून माणसं आली. पोरं स्टॉलवर तुटून पडली. टेबलावर पुठ्ठ्याचा पंख होता, कापलेलं जुनं मोपेडचं इंजिन होतं, पण पोरांना वेड लावलं ते एका प्लॅस्टिकच्या बाटलीने. बाटलीत घोटभर कोमट पाणी, वरून आगकाडीचा जरासा धूर, आणि बूच घट्ट. बाटली जोरात दाबायची, मग एकदम सोडायची. सोडली की आत पांढरा ढग. परत दाबली की ढग नाहीसा. विमान ढगातून जातं तर ढग म्हणजे काय ते कळलं पाहिजे, म्हणून यास्मीनने हा प्रयोग ठेवला होता. आचल तो करायची, पोरं ओरडायची, “आला! गेला! आला!”

दुपारकडे पोरं कमी झाली आणि मोठी माणसं येऊ लागली. ती ओरडत नव्हती. पंखाकडे, इंजिनाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बाटलीसमोर उभी राहायची, बघायची आणि मुकाट्याने निघून जायची. त्यांच्यात एक पंजाबराव नावाचे म्हातारे होते, आचलच्याच गावचे. पांढरं धोतर, डोक्याला पंचा. ते मात्र हलले नाहीत.

“बाई, आनखी एकडाव दाबा.”

यास्मीनने दाबली. ढग नाहीसा झाला.

“आनखी.”

तिने पुन्हा दाबली. म्हाताऱ्याचं लक्ष ढग येताना नव्हतं, जाताना होतं, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

“याले धूर लागते काय?”

“हो काका. धुराचे बारीक कण असले की त्यांच्यावर पाणी बसतं. नाहीतर ढग नीट धरत नाही.”

“आन् दाबलं का जाते.”

“हो. दाबलं की आतली हवा गरम होते, मग थेंबांची परत वाफ होते.”

“इमानातूनई धूर सोडून राह्यले ना ते?”

यास्मीन हसली. “तो वेगळा धूर. तेलाचा. शोभेसाठी असतो, लोकांना दिसावं म्हणून. त्याचा न् पावसाचा काही संबंध नाही.”

पंजाबरावांनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. पंच्याने तोंड पुसत ते गर्दीत गेले. थोड्या वेळाने दोघंतिघं अनोळखी माणसं आली आणि त्यांतल्या एकाने विचारलं, “ते ढग गायब करनारी बाई कोनती?”

“ढग करून दाखवणारी,” यास्मीन म्हणाली. “बसा, दाखवते.”

“नाई, पाह्याचं नाई,” तो म्हणाला. “तोंड पाहून घ्याचं होतं.”

आचलचा चेहरा उतरला. “मॅडम, बाटली ठेवून देऊ काय आतमधी?”

“काहून? आपण काय चोरी करून राहिलो?” यास्मीन म्हणाली. ती शिकवायची मराठीत, पण चिडली की वऱ्हाडीवर यायची. “ज्याला समजलं नाही त्याला आणखी एकदा सांगू.”

तिला तेव्हा गावांमधल्या बोलण्याची कल्पना नव्हती. आदल्या वर्षी सरकारने विमानातून फवारा मारून पाऊस पाडायची खटपट केल्याचं पेपरात आलं होतं. त्यावरून बोलणं सुरू झालं होतं. इमानानं पानी पाडता येते, तर पळवताई येत असन. आणि ज्यांना ऐन पावसाळ्यात विमानांचा खेळ करायचा आहे, त्यांना पाऊस नकोच असणार. गेला पंधरवडाभर सरावाची विमानं त्या भागावरून जात होती आणि गेला पंधरवडाभर एक टिपूस नव्हता. एवढा हिशेब जुळल्यावर आणखी पुरावा कोणाला हवा होता?

दुपार कलली तेव्हा पश्चिमेकडून ढग आले. खरे, काळे, खालून निळसर झाक असलेले. धावपट्टीच्या कडेला बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. वारा थंड झाला. कोणी टोपी काढली, कोणी हात जोडले. त्याच वेळी माइकवरचा माणूस उत्साहाने म्हणाला, “घाबरू नका मंडळी! हवामान आपल्या बाजूनं आहे. हे ढग पुढे सरकतील. आपल्या कार्यक्रमावर पाण्याचा थेंब पडणार नाही!”

आणि विमानं उडाली. तीन लहान विमानं, शेपटीतून लाल, पांढरा, हिरवा धूर सोडत, सरळ पश्चिमेकडे गेली. ढगांच्या पोटाखालून वळली, परत आली, परत गेली. वाऱ्याने धुराचे पट्टे पसरले. ढग पांगायला लागले. मध्ये फट पडली, फटीतून ऊन आलं, आणि अर्ध्या घटकेत आभाळ सकाळसारखं रिकामं झालं.

खेळ संपला तेव्हा टाळी वाजली नाही. एवढ्या माणसांत एकाही हाताची टाळी नाही, हे यास्मीनला शेवटपर्यंत विसरता आलं नाही. माइकवरचा माणूस ‘जोरदार टाळ्या’ म्हणत राहिला. मग तोही थांबला.

विमानं काटेरी तारेच्या आत होती आणि तारेपाशी पोलीस होते. स्टॉलपाशी कोणी नव्हतं. गर्दी तिकडे वळली. धावत आली नाही. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालावं तशी चालत आली. पुढे पंजाबराव नव्हते, ते कुठे तरी मागे राहिले असावेत. पुढे तरणी माणसं होती.

“ह्या बाईले इचारा,” एक जण म्हणाला. “हिले सारं येते.”

“आन वापस,” दुसरा म्हणाला. “बाटलीतला आनतं ना? मंग आमचा आन.”

यास्मीन टेबलासमोर आली. तिने हात वर केले, वर्गात करायची तसे. “ऐका. ढग विमानांनी गेले नाहीत. वारा बदलला. विमान केवढं, आभाळ केवढं. मी तुम्हाला सांगते...”

“नाव काय तुहं?” मागून कोणी तरी विचारलं.

तिचा हात आपोआप छातीकडे गेला. छातीवर कॉलेजने दिलेला बिल्ला होता, त्यावर नाव होतं. पुढच्या माणसाने तो वाचला आणि मागच्याला सांगितला. नाव मागे मागे जात राहिलं आणि जाताना त्याच्यासोबत आणखी काहीतरी जात होतं, हे तिला गर्दीच्या चेहऱ्यांवरून दिसलं.

तेव्हा आचल पुढे झाली. “तिले काही म्हनू नका! मी तुमचीच हावो, मी खुशालरावची पोरगी, गिरनीवाल्या खुशालरावची. सकायपासून बाटली मीच दाबून राहिली. काही नसते त्याच्यात, निस्तं पानी हाये!”

पोरीला वाटलं, आपल्या माणसांत आपलं नाव सांगितलं की माणसं निवतील. क्षणभर निवलीही. मग एक जण सावकाश म्हणाला, “म्हंजे आपल्याच गावची पोरगी दाबून राहिली सकायपासून.”

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. टेबल उलटलं. बाटली कोणाच्या तरी टाचेखाली फुटली. मांडवाचा बांबू आला तो यास्मीनने आचलच्या डोक्यावरून हाताने अडवला आणि मनगट मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. शिट्ट्या वाजल्या, पोलीस आले, गर्दी फुटली. एवढ्यावर निभावलं, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले. पोलिसांनी विचारलं, कोणाला ओळखता? यास्मीन म्हणाली, कोणालाच नाही. आचलही तेच म्हणाली. तिने मात्र पुष्कळांना ओळखलं होतं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

यास्मीनचा हात प्लास्टरमध्ये असताना आचल कॉलेजला यायची थांबली. पाऊस अजून आला नव्हता. गावच्या एका मुलाकडून कळलं, की खुशालरावच्या गिरणीवर दळण येणं बंद झालं. कोणी सांगून बंद केलं नव्हतं. बाया डोक्यावर डबा घेऊन गिरणीवरून पुढे जायच्या आणि तीन कोस पलीकडच्या गावातून दळून आणायच्या. रात्री टिनावर दगड पडायचे. एका सकाळी दाराला बिब्बे आणि काळी बाहुली बांधलेली सापडली. आचलची आई मनकर्णा पाणवठ्यावर गेली की बाया आपापले हंडे उचलून थोड्या बाजूला व्हायच्या. भांडण नाही, शिवी नाही.

“मी जाते तिथे,” यास्मीन घरी म्हणाली.

“अपना कौन है उस गाँव में?” वाहेदभाई म्हणाले. “एक हाथ तो दे आई.”

“आचल है,” ती म्हणाली. जैनबबीने तिच्या गळ्यात तावीज बांधला.

एसटीतून उतरली तेव्हा गावात दुपार होती. पराटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी व्हायच्या दिवसांत वीतभर होती आणि तिची पानं आत मुडपलेली होती. पारावर माणसं बसली होती. ती जवळ आली तसं बोलणं थांबलं, पुढे गेल्यावरही सुरू झालं नाही. पाठीवर ती शांतता घेऊन ती खुशालरावांच्या घरी पोचली.

खुशालराव बंद गिरणीच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी उठून नमस्कार केला, पाणी आणवलं. मग म्हणाले, “बाई, तुमचे उपकार हायेत. पोरीचं डोस्कं वाचवलं तुमी. पन तुमी यायले नोको होतं.”

“काहून?”

“आतापर्यंत लोकायनं आयकेल होतं. आता तुमी दिसल्या.”

आतून आचल आली. महिनाभरात तिचे डोळे मोठे झाले होते. तिने मॅडमच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “मॅडम, खरंच काही नसते ना? थोडंसं बी?”

“आचल!”

“तसं नाई. मी असंच इचारलं.”

त्या प्रश्नाने यास्मीनला बांबूपेक्षा जास्त लागलं. ती तडक पंजाबरावांच्या घरी गेली. म्हातारे दारात बाजेवर बसले होते. त्यांनी तिला ओळखलं, बाजेवर जागा करून दिली.

“काका, मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“सांगतलं होतं.”

“मग तुम्ही लोकांना काय सांगितलं?”

“जे पाह्यलं ते. बाटली दाबली का ढग जाते.”

“पण आभाळ म्हणजे बाटली नव्हे, एवढं तुम्हाला कळत नाही? साठ-सत्तर पावसाळे काढले तुम्ही.”

पंजाबराव वावराकडे बघत म्हणाले, “कयते, बाई. मले कयते. इमान केवढं, आभाय केवढं. पन आभायाले बोलून काय होते? ते आयकत नाई. देवाले बोललं, तो आयकत नाई. सरकार आयकत नाई. खुशालराव आयकते. त्याची गिरनी बंद पडली का गावाले वाटते, काही तरी झालं आपल्या हातून.”

“त्याच्या पोरीने काय केलं?”

“काहीच नाई,” म्हातारे म्हणाले. “काही केलं असतं तं पोलिसात देल्ली असती. मिटलं असतं.”

यास्मीन उठली. “तुम्ही उद्या दळण घेऊन त्यांच्या गिरणीवर जा. तुम्ही गेलात तर चार लोक येतील.”

“पानी येऊ द्या. मंग सारेच येतीन.”

“आणि नाही आलं तर?”

पंजाबरावांनी पंच्याने तोंड पुसलं आणि नातीला हाक मारून बाईंना चहा ठेवायला सांगितलं. यास्मीन चहा न घेता निघाली.

त्या आठवड्यात खुशालरावांनी पोरीला गावातून हलवलं. मनकर्णाची बहीण शेंदूरजनाघाटला होती, संत्र्याच्या बागांचा मुलूख, तिकडे पाणी बरं. पहाटेच्या जीपमध्ये मागे बसवून, डोक्यावरून पदर घेऊन आचलला नेलं. लपवून न्यायचं होतं, पण लपलं नाही. गावाने दाराच्या फटीतून ती जीप बघितली.

आणि पाऊस आला.

आचल गेली आणि त्याच रात्री पश्चिमेकडून आला तो सकाळपर्यंत थांबला नाही. ओढे भरले. उरलीसुरली पराटी उभी राहिली, मूग तर गेलाच होता. सकाळी पाऊस थांबल्यावर मनकर्णा दार उघडून बघते तर गिरणीपुढे डब्यांची रांग. बाया हसत होत्या. कोणी तिच्या हातात भाजी ठेवली, कोणी तिला कुंकू लावलं. बेबीताई नावाची शेजारीण तिच्या गळ्यात पडून म्हणाली, “मोठ्या मनाचे तुमी लोक. गावासाठी लेक धाडली.”

खुशालरावांनी गिरणी सुरू केली. दुपारी ते भातकुलीला गेले आणि टेलिफोनच्या बूथवरून यास्मीनला म्हणाले, “बाई, आता गावाचं पक्कं झालं. आता कोनी सांगून उपेग नाई.” मागे बूथवर पुन्हा पाऊस सुरू झाला होता, तो तिला फोनमधून ऐकू येत होता.

यास्मीनने आचलला शेंदूरजनाघाटहून अमरावतीला आणलं, एका ओळखीच्या बाईंच्या घरी ठेवलं, परीक्षेला बसवलं. कॉलेजने पुन्हा असा स्टॉल कधी लावला नाही आणि यास्मीननेही मागितला नाही. ती शिकवत राहिली. समजावून सांगायची सवय गेली नाही, पण आता सांगून झाल्यावर ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघत राहायची. मनकर्णा महिन्यातून एकदा अमरावतीच्या एसटी स्टँडवर यायची, लेकीला भेटायची, डबा द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. आचलचा डिप्लोमा झाला, पुण्याला कंपनीत नोकरी लागली, लग्नही तिकडेच झालं. गावचे लोक लग्नाला आले होते. पोटभर जेवले आणि भरभरून आशीर्वाद दिले.

दहा वर्षांनी खुशालराव आजारी पडले, अंथरुणाला खिळले. आचलने यास्मीनला फोन केला, “मॅडम, मी गावाले जाते. आता काय होते?” यास्मीनलाही तसंच वाटलं. गावात आता मोबाइल होते, डिश होत्या, घरटी एक पोरगं शहरात शिकत होतं. त्याही वर्षी पाऊस लांबला होता, पण पाऊस तर बहुतेक वर्षी लांबतच होता.

आचल पोचली तेव्हा सगळं गाव भेटायला आलं. बायांनी तिचं लेकरू कडेवर घेतलं, कौतुक केलं. पंजाबराव वारले होते, त्यांची सून दही घेऊन आली. कोणाच्या बोलण्यात जुन्या गोष्टीचा शब्द नव्हता. फक्त उठताना प्रत्येक जण मायेने विचारायचा, “मंग, कवा निघतं बाई?” बेबीताईने विचारलं. पंजाबरावांच्या सुनेने विचारलं. डॉक्टरकीला असलेल्या तिच्या पोराने विचारलं, “किती दिवस आहात, ताई?” दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातलं एक पोर दारात येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, “आजीनं इचारलं, ताई गेली काय?”

आचलने हे सगळं हसत हसत यास्मीनला फोनवर सांगितलं. यास्मीन हसली नाही. तिने विचारलं, “आभाळ कसं आहे तिकडे?”

“कोरडं हाये.”

आयुष्यभर यास्मीन लोकांना खरं काय ते सांगत आली होती, आणि खरं काय ते तिला आजही माहीत होतं.

“निघ बेटा,” ती म्हणाली. “बाबांना घेऊन अमरावतीला ये, दवाखान्यात मी बघते. आजच निघ. उजेडात निघ, सगळ्यांना दिसेल असं निघ.”

आचल दुपारच्या गाडीने वडिलांना घेऊन निघाली. पारावरच्या माणसांनी खुशालरावांना उचलून गाडीत बसवलं, उशी दिली, पाण्याची बाटली भरून दिली. गावात पाऊस कधी आला, ते यास्मीनने कोणाला विचारलं नाही.